उजळण्याची नियमावली (यवतमाळ जिल्ह्यापुरती)

लग्न ठरलं, तारीख निघाली, मंगल कार्यालय मिळालं, आणि मग कोणीतरी नवरदेवाला हसायला सांगितलं. तिथून पुढे काय करायचं, त्यासाठी ही नियमावली आहे. ती नवरीलाही लागू आहे, करवल्यांना ऐच्छिक आहे. मामालोकांना सूट.

पांढऱ्याची पारख या जिल्ह्याला शिकवायला नको. बाजार समितीत गाडी लागली की व्यापारी मूठभर कापूस उचलतो, उजेडाकडे धरतो आणि "कवडी हाय भाऊ", म्हणजे डागी माल, म्हणून भाव पाडतो. दातांचा डॉक्टरही रंगांच्या चकत्यांची पट्टी ओठाशी धरून तसाच दर्जा ठरवतो. मात्र व्यापारी कापूस पिवळा का पडला ते विचारत नाही, चांगला डॉक्टर आधी तेच विचारतो. जो विचारत नाही आणि थेट 'वेडिंग पॅकेज'चा कागद पुढे सरकवतो, त्याला नमस्कार करून उठावं.

नियम पहिला. रंग बघण्याआधी तोंड किती उघडतं ते बघा. आपल्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांमध्ये घाला. तिन्ही गेली तर पुढचे नियम वाचा. दोनच गेली तर ही नियमावली इथेच संपली. लग्नाच्या खरेदीतून एक दिवस काढून सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय नाहीतर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय गाठा.

तोंड न उघडण्याचं कारण पानठेल्यावर पन्नीत घासलं जातं. सुपारी, तंबाखू, चुना, वरून हाताचा जोर: खर्रा. राज्यात गुटखा २०१२ मध्येच बंद झाला, पण खर्रा काही पुडीत भरून कारखान्यातून येत नाही. तो डोळ्यांदेखत ताजा तयार होतो, म्हणून लोक त्याला घरगुती समजतात. खर्रा दात लाल-काळे करतो हा त्याच्यावरचा अर्धाच आरोप. पांढरं करण्याचं कामही तो करतो, तेही वेगळे पैसे न घेता, फक्त गालाच्या आतून. सुपारीमुळे तोंडाच्या अस्तराखाली घट्ट धागे तयार होतात, अस्तर फिकट पडतं आणि जबडा हळूहळू आखडतो. आखडलेला जबडा पूर्वीसारखा होत नाही. त्यातच गालात किंवा जिभेखाली न पुसला जाणारा पांढरा चट्टा दिसला, तर तो कर्करोगाच्या वाटेवरचा असू शकतो. पांढऱ्याची हौस असलेल्या माणसाला हे पांढरं मात्र कधी आरशात दिसत नाही.

"डॉक्टर, दात पांढरे करून द्या, पण खर्रा सोडाले सांगू नका," असं म्हणणारा नवरदेव प्रत्येक तालुक्यात आहे. त्याच्यासाठी सवलतीची योजना नाही.

नियम दुसरा, आणि पैशाच्या दृष्टीने हाच मोठा. दात स्वच्छ करणं वेगळं, पांढरे करणं वेगळं. आपल्याकडच्या बहुतेक पिवळेपणाला नुसती स्वच्छता पुरते. किटण आणि तंबाखूचे डाग दाताच्या वर बसलेले असतात, ते यंत्राने खरवडून निघतात. "किटण काढलं की दात हलतात" हे आजीचं म्हणणं अगदीच निराधार नाही. दात हिरडीच्या रोगाने आधीच सैल झालेले असतात, किटणाने त्यांना धरून ठेवलेलं असतं, आणि ते निघालं की खरं उघडं पडतं. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तिथे दातांचा विभाग असेल तर आधी तिकडे रांग लावा. रांगेत ओळखीचं कोणी भेटलं तर दाढ दुखते म्हणून सांगा.

एवढं करूनही रंग मनाला पटला नाही, तरच ब्लीचिंग. त्यात मुख्य द्रव्य पेरॉक्साइड. घरी रात्री साच्यात घालून लावायच्या जेलमध्ये बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असतं, म्हणजे हिशेबाने साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. युरोपात दंतवैद्याच्या देखरेखीखालीसुद्धा ६ टक्क्यांच्या वर परवानगी नाही, आणि अठराच्या आतल्यांना तर नाहीच. पार्लरमध्ये दाताला 'काहीतरी जेल' लावून तोंडासमोर निळा दिवा धरत असतील तर त्यातले टक्के विचारा. उत्तर म्हणून दिव्याची किंमत सांगितली तर घरी या. त्या दिव्याचा मोठा उपयोग असा की तोंड उघडं राहून दात कोरडे पडतात, आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. लाळ परत आली की थोडी चमक ओसरते, त्यामुळे फोटो दारातच काढून घ्यावा. हिरडी भाजणं आणि दात शिवशिवणं पॅकेजमध्येच समाविष्ट असतं. जुनं सिमेंट, जुनी कॅप यांचा रंग मात्र बदलत नाही, म्हणजे शेजारचे दात उजळले की ती कॅप आणखीच उठून दिसते. ब्लीचिंगचं काम कायद्याने नोंदणीकृत दंतवैद्याचंच आहे. १९४८ पासून तसा कायदा आहे. बसस्थानकाबाहेर पेटीत दात मांडून बसणाऱ्याला तो कोणी वाचून दाखवलेला दिसत नाही.

ब्लीचिंगनंतर दोन दिवस रंग सोडणारं काही खायचं नसतं: चहा नाही, हळद नाही, तर्री नाही. मुहूर्ताच्या दोन दिवस आधी ब्लीचिंग करून हळदीला वांग्याची भाजी आणि लाल रस्सा हाणणाऱ्याने दहीभातावर राहण्याची तयारी ठेवावी, किंवा तारीख मागे घ्यावी. लग्नाची नव्हे, ब्लीचिंगची.

लिंबू आणि खायच्या सोड्याचा मोबाइलवरचा प्रयोग करणाऱ्यांसाठी एक माहिती. दाताच्या वरच्या अर्धपारदर्शक कवचाखालचा थर मुळातच पिवळसर असतो. लिंबाच्या आम्लाने कवच झिजतं, कोळशाच्या भुकटीने आणखी झिजतं, आणि घासता घासता माणूस त्या पिवळ्याकडेच जाऊन पोहोचतो. झिजलेलं कवच पुन्हा उगवत नाही. पूर्वी राखुंडी होती, विटेचा भुगा होता, बाभळीची काडी होती. काडीने निदान घाई केली नाही.

पांढरकवडा, मारेगाव, झरी-जामणी या भागातल्या वाचकांनी मात्र इथे थांबावं. लहानपणापासून दातांवर तपकिरी पट्टे आणि खड्डे असतील, घरातल्या सगळ्यांना असतील, तर त्यात तुमचा, ब्रशचा, खर्ऱ्याचा कोणाचाच दोष नाही. दोष बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ते चालतं. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत, त्याच्या वर नाही. दात हिरडीखाली घडत असतानाच, साधारण आठव्या वर्षापर्यंत, हा डाग आत बसतो. मग नवरदेव झाल्यावर कितीही पेस्ट घासा. पाणी उकळून उपयोग नाही, उलट पाणी आटतं आणि फ्लोराइड आहे तेवढंच राहतं. मोठ्यांचे दात डॉक्टरकडे वरून झाकता येतात, त्याला खर्च आहे. घरातल्या चार वर्षांच्या पोराचं पाणी बदलायचं असेल तर आधी एक बाटली भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यायची, त्याला फारसा खर्च नाही. पण तिकडे कोणी सौंदर्यासाठी जात नाही.

आता चेहरा. २०२३ मध्ये वर्तमानपत्रांत अकोल्याची हकीकत आली होती. एका घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, स्थानिक पार्लरमधून आणलेली गोरेपणाची क्रीम लावत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडाला इजा झाली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेचा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून क्रीम 'गुण देते'. आठवड्यात रंग उजळला म्हणून मैत्रिणीही तीच डबी मागतात. कायद्याने अशा क्रीममध्ये पारा दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त असता कामा नये, तोही चुकून आलेला. यवतमाळ ते अकोला अंतर फार नाही, डबी एस.टी.नेही येते.

२०१७ च्या कीटकनाशक फवारणीतल्या मृत्यूंनंतर या जिल्ह्यातल्या माणसाला औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण ओळखता येतो. क्रीमच्या डबीवर तसा त्रिकोण नसतो, म्हणून दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, अक्षरं कोणत्या देशाची ते कळत नाही: डबी परत. 'सोन्या-चांदीला आणि ॲल्युमिनियमला लागू देऊ नका' अशी सूचना असेल तर दुकानातच ठेवून या. पारा दागिने खातो, आणि नवरीच्या अंगावर त्या दिवशी दुसरं काय असतं? ट्यूबवर लाल रेघ असेल तर ते औषध आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. २०१८ मध्ये चौदा स्टेरॉइड क्रीम त्या यादीत टाकावी लागली, कारण लोक ती गोरेपणासाठी पोळीला तूप लावावं तशी लावत होते. लावत राहिलं की बायकांना गालावर लव येते, सोडली की चेहरा लाल होतो, आग होते. रक्तातून गोरेपणाचं सलाइन चढवून देणाऱ्या पार्लरबद्दल एवढंच, की खाटेवर झोपवून सुई टोचतात ती जागा पार्लर नसते.

फेशियल, थ्रेडिंग, वॅक्सिंग करा, हरकत नाही. चेहऱ्याचं ब्लीच लावायचं असेल तर दोन दिवस आधी कोपराच्या आत थोडं लावून बघा. ते केसांना फिकं करतं, कातडीला नाही. हळद लावा, ती फुकट आहे आणि सगळे मिळून लावतात.

ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, त्यांनी फोटोवाल्याला आधी गाठावं. अल्बम बनवताना तो संगणकावर दात पांढरे करून देतो, हिरडी भाजत नाही आणि चहाही चालतो. त्याला दोन सूचना द्याव्यात. दात उजळताना अक्षता निळ्या पडू देऊ नकोस. आणि मामांचे दात आहेत तसेच ठेव, नाहीतर पाहुणे विचारतील, हे कोण?