दर्यावरची चोरटी दिवाळी

एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. तेव्हापासून मालवण-रत्नागिरीचे पारंपरिक मच्छीमार रात्री समुद्राकडे बोट दाखवून ओरडताहेत, "ते बघा, पेटले!" बघण्याचा पगार ज्यांना मिळतो, त्यांना बहुधा रातांधळेपणाची सरकारी सवलत असावी.

धंदा तसा सोपा. जनरेटर सुरू करायचा, दिव्यांचा झोत पाण्यावर सोडायचा. उजेडाला बारीक जीव जमतात, त्यांच्या मागे तारली-बांगडे, त्यांच्या मागे त्यांना खाणारे. पंगत बसली की पर्ससीनचं जाळं भोवती फिरवायचं आणि तळाची दोरी बटव्यासारखी आवळायची. मोठं, पिल्लू, गाभोळीचं, सगळं एकाच टोपलीत. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांनी मग वाळू ओढावी.

खरी अक्कल पुढेच आहे. दिवे एका बोटीवर, जाळं दुसरीवर. दिवेवाल्याला धरलं तर, "साहेब, आमच्याकडे जाळं कुठाय?" जाळेवाल्याला धरलं तर, "आमच्याकडे दिवा दाखवा." दोघंही शंभर टक्के खरं बोलतात. इतके सत्यवचनी आरोपी विधानसभेच्या चर्चेतही सापडायचे नाहीत.

कायदा कच्चा आहे, असंही नाही. राज्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने एलईडीसाठी ५ ते २० लाखांचा दंड ठेवला. सुनावणी तहसीलदाराकडून काढून मत्स्यव्यवसाय खात्याकडे दिली. २०२५ मध्ये ड्रोनही उडाले. फक्त किनाऱ्यापासून १२ सागरी मैल राज्याचे, त्यापुढचं पाणी केंद्राचं. दिव्यांना बंदी दोन्हीकडे; पण तेराव्या मैलावर जाऊन बघायचं कोणी, या प्रश्नावर मुंबई दिल्लीकडे बघते आणि दिल्ली नकाशाकडे. माशांना हद्द कळत नाही म्हणतात. बोटमालकांना ती तोंडपाठ आहे.

मधल्या काळात, २०२३ मध्ये, पापलेटाला राज्यमासा केलं. त्याच वर्षी १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडायचं नाही, असा नियमही आला. राज्यमासा झाल्यावर वाय दर्जाची सुरक्षा मिळेल, असं त्याला वाटलं असेल, मिळाली पट्टी. आणि ती लावायची वेळ येते तेव्हा मासा बर्फात असतो.

बंदरावर एकवेळ कोणी मोजेलही. पण हॉटेलात "लहानसं बघा, एका प्लेटमध्ये अख्खं मावलं पाहिजे" अशी ऑर्डर देणारे कोण? मच्छीमार नव्हे, आपणच. तिथे वेटर लिंबू आणतो, कांदा आणतो. पट्टी आणलेला वेटर अजून पाहिला नाही.