बिनघोड्याचे शिलेदार

मराठ्यांच्या फौजेत घोडेस्वारांचे दोन वर्ग असत. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर. शिवाय फौजेच्या मागे मागे, पगाराची अपेक्षा न ठेवता लुटीवर गुजराण करणारे पेंढारी असायचेच. 1818 साली पेशवाई बुडाली आणि हा सगळा कारखाना मोडला, असं शाळेत शिकवतात. शिकवणाऱ्यांनी ऑक्टोबरातल्या एखाद्या रविवारी पहाटे पाचला हडपसरच्या उड्डाणपुलाखाली येऊन बघावं.

तिथे तिन्ही वर्ग हजर असतात. शिलेदाराकडे स्वतःची माउंटन बाइक असते. बारगीराची भाड्याची असते, आणि घाटात आपण मागे का पडलो याचं उत्तर त्याच्याकडे आदल्या रात्रीपासून तयार असतं: "गिअर अडकतोय यार!" पेंढारी पंप, पंक्चरचं सामान आणि चिक्की यांतलं काहीही घरून आणत नाही, तिन्हींची वसुली तो वाटेत करतो. आपला विषय शिलेदार.

वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी आयटीत नाहीतर बँकेत, कोलेस्टेरॉल सरहद्दीवर. डॉक्टरांनी "रोज जरा चालत जा" एवढंच सांगितलं होतं. पण चालायला पैसे पडत नसल्यामुळे त्या उपायावर त्याचा विश्वास बसेना. मग सव्वा लाखाची सायकल आली. पुढे सस्पेन्शन, 29 इंची चाकं, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, मागे बारा गिअर. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड आणि घंटी मात्र नाही. या दुनियेत सायकल जितकी महाग, तितक्या तिच्यावरच्या वस्तू कमी.

गंमत म्हणजे हा खेळ जन्माला आला तो जुन्यापुराण्या सायकलींवर. 1970च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन काउंटीतली काही पोरं जाड टायरच्या टाकाऊ सायकली डोंगरावर चढवत आणि तिथून खाली सुटत. उतारावर ब्रेक इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि ते नव्याने भरावं लागे. म्हणून त्यांच्या शर्यतीचं नावच 'रिपॅक' पडलं. शिलेदार ही कथा प्रत्येक नवख्याला ऐकवतो, आणि ऐकवता ऐकवता मऊ फडक्याने आपल्या फ्रेमवरची धूळ टिपत असतो.

सायकल आली तसा इतिहासही आला. शिलेदार आता 'निघत' नाही, कूच करतो. केळी आणि खजूर ही रसद. कात्रजपलीकडे जाणं ही मुलूखगिरी, आणि मागून हॉर्न वाजवणारा डंपर हा गनीम. या मोहिमेची परवानगी घरातल्या तहातून मिळते. जून 1665 मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी 23 किल्ले दिले आणि 12 राखले. शिलेदाराला एवढी मुत्सद्देगिरी साधलेली नाही. त्याने महिन्यातले तीन रविवार देऊन एक राखला आहे, आणि त्यावरही कलम आहे: बाराच्या आत घरी, आणि येताना सासवडची सीताफळं.

वडकी मागे पडली की दिवेघाट सुरू होतो, आणि शिलेदाराच्या इतिहास-अभ्यासाची पद्धतही इथेच कळते. इतिहास त्याला नेमका दम लागतो तिथे दिसतो. सपाटीवर तो कुठल्याही देवळापुढे थांबत नाही. घाटात मात्र वळणावर एक पाय जमिनीला टेकवून तो खाली बोट दाखवतो, "तो बघा, मस्तानी तलाव!" मग थोरल्या बाजीरावांवर व्याख्यान. त्याची लांबी विषयावर ठरत नाही, मनगटावरच्या घड्याळावर ठरते. हृदयाचे ठोके 170 वरून 130 वर उतरले की बाजीराव आवरते घेतले जातात आणि फौज पुढे सरकते. पुढच्या वळणावर पुन्हा दम लागतो, तेव्हा चिमाजीअप्पांचा नंबर.

एक गोष्ट त्याला या घाटात आठवायला नको असते. आषाढी वारीला माउलींची पालखी इथूनच चढते. रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात, पण डोक्यावर तुळस घेतलेल्या सत्तरीच्या आज्या हाच चढ अभंग म्हणत चढून जातात. शिलेदाराला इथे "हो" म्हणण्यापुरताही श्वास उरत नाही, आणि त्या चक्क गातात! मात्र त्यांच्या मनगटावर घड्याळ नसल्यामुळे त्यांची वेळ कुठल्याच ॲपवर नोंदलेली नाही. त्यामुळे घाटातला आपला क्रमांक शाबूत आहे, असं तो धरून चालतो.

पुढे सासवड. भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ 1720 साली इथेच वारले. त्यांची समाधीही इथे आहे. पण सासवड सपाटीवर पडतं आणि तिथे कुणाला दम लागत नाही. त्यामुळे समाधी पाहायची राहून जाते. मिसळ राहत नाही.

सोनोरीकडे वळल्यावर डांबर सोडायचं असतं, कारण डांबरावर माउंटन बाइक चालवणं शिलेदाराला कमीपणाचं वाटतं. शेळ्यांनी पिढ्यान्पिढ्या तुडवून पाडलेली एक वाट त्याच्या चमूतल्या कुणीतरी मागच्या वर्षी 'शोधून काढली' आणि ॲपवर तिला 'तोफखाना एक्स्प्रेस' असं नाव दिलं. या एक्स्प्रेसला ठिकठिकाणी थांबे आहेत, कारण दोन्ही बाजूंना बाभळी आहेत. शिलेदाराचं टायर ट्यूबलेस असतं, आत पंक्चर आपोआप बुजवणारं महागडं द्रव असतं, आणि बाभळीच्या काट्याने यातलं काहीच वाचलेलं नसतं. शिलेदार पंप बाहेर काढतो. लगेच पेंढारी जवळ येतो, "तुझं झालं की माझ्यातही मार."

गावात पारावरचे बाबा उठून सायकलीला एक प्रदक्षिणा घालतात.

"केवढ्याला पडली म्हणायची?"

शिलेदार घरी सांगितलेला आकडाच इथेही सांगतो. "चाळीस हजार."

"आन् ष्टँड न्हाई?"

"स्टँडनं वजन वाढतं, बाबा."

बाबा सायकलीवरची नजर काढून शिलेदाराच्या पोटावर ठेवतात. बोलत काही नाहीत. मग विचारतात, "कुठवर निघाला?"

"मल्हारगडावर."

"पलीकडनं झेंडेवाडीच्या अंगाला गाडी जाती की जवळपातुर."

"आम्हाला अवघड वाट हवी असते."

"मग चालत जावा की!"

डॉक्टरांचं आणि बाबांचं मत असं तंतोतंत जुळतं.

सोनोरी हे पानशांचं गाव. पानसे हे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार, आणि मल्हारगड त्यांनी 1757 ते 1760 च्या दरम्यान बांधला. मराठ्यांनी बांधलेला शेवटचा किल्ला अशी त्याची ख्याती आहे. आत खंडोबाचं आणि महादेवाचं देऊळ, आटोपशीर गड. पण शेवटच्या चढावर बारा गिअर, 29 इंची चाकं आणि सव्वा लाख रुपये हे सगळं एकदम निकामी होतं. सायकल उचलून खांद्यावर घ्यावी लागते. इथे शिलेदाराचा घोडा शिलेदारावर स्वार होतो.

आणि इथेच, पहाटेपासून पहिल्यांदा, तो गप्प होतो. चौदा किलोचं ओझं खांदा कापत असतं, बुटाखालून मुरूम सरकत असतो, आणि बाजीराव, चिमाजीअप्पा कुणीच मदतीला येत नाही. दरवाजातून आत येऊन तो सायकल तटाला टेकवतो, कारण स्टँड नाही, आणि खांदा चोळत म्हणतो, "तोफा कशा चढवल्या असतील रे यांनी?" दिवसभरात त्याने विचारलेला हा पहिला प्रश्न, ज्याचं उत्तर त्याच्याकडे आधीपासून तयार नसतं.

पलीकडून गाडीने आलेली मंडळी तोवर गड 'करून' झालेली असतात. "छोटासाच आहे, नाही?" म्हणून ती परत फिरतात. इतक्या आडबाजूला एवढासा गड का बांधला, हे त्यांना कळत नाही. शिलेदाराला ते मांड्यांनी कळवलेलं असतं. मल्हारगड दिवेघाटावर नजर ठेवायला बांधला. घाट चढून माथ्यावर पोचलेल्या माणसात, मग तो शत्रू असो की व्यापारी, भांडायचं त्राण शिल्लक नसतं. नाणेघाटाच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दगडी रांजण दाखवतात, तोही उगाच वर नाही. दम लागलेला माणूस घासाघीस करत नाही. हे राजकारण आज घाटमाथ्यावरच्या लिंबू-सरबतवाल्याला पक्कं ठाऊक आहे, आणि शिलेदार त्याला सांगेल तो भाव निमूटपणे देतो. एरवी इतिहासावर तो बोलतो त्यातलं बरंचसं ऐकीव असतं. एवढी एक गोष्ट मात्र त्याने स्वतःच्या फुप्फुसांनी सिद्ध केलेली असते.

तटावरून पुरंदर आणि वज्रगड दिसतात. फोटो होतात. मग कुणाला तरी बाराचं कलम आठवतं आणि फौज उधळते. सासवडला घाईघाईने सीताफळं घेतली जातात. सायकलीला कॅरिअर नसल्यामुळे ती पाठीवरच्या पिशवीत, पाण्याच्या पाउचशेजारी बसतात, आणि डांबराचा कमीपणा नको म्हणून परतीची वाटही खडकाळच निवडली जाते.

दीड वाजता शिलेदार घरी पोचतो. पिशवी उघडून बायको आत बघते. सीताफळं आलेली असतात, साली वेगळ्या, बिया वेगळ्या, आणि बाकीचं सगळीकडे.

"उशीर का झाला?"

"पानशांनी गडावर तोफा कशा चढवल्या असतील, ते बघत होतो."

"चढवल्या असतील," ती पिशवी सिंकमध्ये उलटी करत म्हणते. "त्यांच्याकडे कॅरिअर असेल."