फोडणीची काडतुसं

शेजारचे आजोबा तळघरात बसून दारू भरतात, असं मी आईला फोनवर बोलून गेलो आणि पेनसिल्व्हेनियाची ही बातमी साताऱ्यामार्गे संध्याकाळपर्यंत वाईच्या मावशीकडे पोहोचली. ‘अगं, प्यायची नव्हे, काडतुसातली,’ मी खुलासा केला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मामांनी जन्मभर हेच केलं आणि थेंबाला शिवले नाहीत, याचीही आठवण करून दिली. आई म्हणाली, ‘मामांचं सरकारी काम होतं. हे घरात भरतात.’

आजोबांची रायफल थर्टी-ऑट-सिक्सची. अमेरिकी लष्करानं १९०६ साली घेतलेलं काडतूस, म्हणून ते सिक्स. थँक्सगिव्हिंगनंतर हरणांचा हंगाम सुरू झाला की आजोबा तिला घेऊन रानात जातात आणि बहुतेक वेळा सर्दी घेऊन परततात. यंदा तिची नळी बदलली. जुन्या नळीसाठी स्वतः भरलेली १८० काडतुसं मात्र फळीवर तशीच राहिली. ‘ही आता झाडायची नाहीत,’ असं नळी बसवणाऱ्या कारागिरानं बजावलं होतं. पण आजोबा दह्याचे रिकामे डबे धुऊन ठेवणाऱ्या पंथातले. आमच्या आईची नि त्यांची भेट झालेली नाही, हे जगाचं नुकसान आहे.

काडतूस तेच, रायफल तीच, मग अडतं कुठे? आजोबांनी मला समोर बसवून शिकवलं. दर बार उडताना नळीचा घसा (हा शब्द त्यांचाच) धगीनं थोडा थोडा जळतो, नळीतले पीळदार आटे सुरू होतात ती जागा पुढे सरकते. आजोबाही तिच्या मागे मागे गेले. गोळी पुंगळीतून दर हंगामात केसभर जास्त बाहेर ठेवायची, जमलं तर दारू अर्धा ग्रेन वाढवायची. ग्रेन म्हणजे सोनाराच्या अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. नव्या नळीचा घसा मात्र कोरा. तीच लांबलेली गोळी आता थेट आट्यांत रुतणार आणि दाब भडकणार. या काडतुसाची मर्यादा दर चौरस इंचाला ६०,००० पौंड. माझ्या गाडीच्या टायरात ३३ असतात. तो फुटला तेव्हा मी दोन दिवस तोतरं बोलत होतो. इथे तर वर गाल टेकवून बसायचं. त्यात जुन्या नळीच्या घरात फुगलेली पितळी पुंगळी नव्या, नेटक्या घरात शिरेलच असं नाही. माझा लग्नातला कोट मला हेच सांगतो.

तरी ‘एकच बसवून बघू’ हे त्यांच्या मनात आलंच. आधी फायरिंग पिन काढली, मागच्या मातीच्या बांधाकडे नळीचं तोंड केलं. बोल्ट अर्ध्यावर अडला. मागे ओढला तर पुंगळी बाहेर आली, गोळी नळीतच रुतून बसली आणि शेवयांच्या चुऱ्यासारखी दारू रायफलच्या पोटात सांडली. आजोबा पाच मिनिटं गप्प होते. इतके गप्प ते चर्चमध्येही नसतात.

मग मी त्यांना फोडणीच्या पोळीची गोष्ट सांगितली. शिळी पोळी तशीच पानात वाढायची नाही. कुस्करायची, नवी फोडणी द्यायची. ती त्यांना एकदम पटली. एक प्लॅस्टिकची पोकळ हातोडी निघाली. तिच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं. तीन-चार दणक्यांत गोळी आणि दारू पोकळीत उतरते. चार संध्याकाळी ठोक ठोक चाललं होतं. ‘शेजारी पोहे कांडतायत का?’ बायकोनं विचारलं. गोळ्या एका वाडग्यात जमल्या, पुंगळ्या दुसऱ्यात. पुंगळ्या साच्यातून दाबून पुन्हा मापात आणायच्या, गोळी नव्या घशाचं माप घेऊन बसवायची, दारू पुस्तकातल्या कमाल मापाच्या दहा टक्के खालून सुरू करायची आणि बोल्ट जड लागतो का ते बघत बघत वाढवायची.

उरली दारू. वहीत दोन वर्षांच्या दोन वेगळ्या दारवांची नावं होती आणि आजोबांनी दोन्ही एकाच भांड्यात ओतल्या होत्या. ओळख नसलेली दारू पुन्हा भरायची नसते, एवढ्यावर मात्र त्यांची काटकसर हरली. त्यात नायट्रोजन असतो, म्हणून त्यांनी ती पातळ पसरून हिरवळीवर शिंपडली. बायको तेवढा वेळ तुळशीपाशी पहाऱ्यावर होती.

रविवारी आईचा फोन. ‘त्या आजोबांच्या दारूचं काय झालं?’

‘काल सगळी गवतावर टाकली.’

‘बघ,’ आई म्हणाली, ‘मी मारुतीला नारळ बोललेच होते.’