माळ्यावरची अर्धी गोधडी: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

डिसेंबरात पहाटे पाय गार पडले, की माळ्यावरची अर्धी शिवलेली गोधडी आठवते. ही आठवण दाबून टाकणं सर्वांत सोपं. ते जमलं नाही तरच पुढे वाचा.

आधी बोचकं खाली काढा. घरातलं कोणी "अजून आहे होय ते?" असं म्हणालं तर ऐकू आलं नाही असं दाखवा. आत डांबरगोळ्यांचा वास, गंजकी सुई आणि उंदरानं कुरतडलेला एक कोपरा सापडेल. कोपऱ्याला ठिगळ लावा. गोधडी म्हणजे सगळा ठिगळांचाच कारभार, एक वाढलं तर कोण मोजतंय! गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, तेव्हा लाजायचं कारण नाही.

मग सगळं उन्हात टाका. याला शिवणकामच समजायचं. एक रविवार सत्कारणी लागतो.

आता आतले थर तपासा. ते सुती हवेत: विरलेलं लुगडं, धोतर, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर. नऊवारी आठ मीटरच्या वर भरतं, त्यामुळे एकाच लुगड्याचे दोन-दोन मीटरचे चार पदर पडतात. मागच्या वेळी उत्साहाच्या भरात मध्ये नायलॉनची साडी घातली असेल तर ती उसवून काढाच. ती घाम टिपत नाही, थरांमध्ये सरकते आणि रात्री गोधडीचा गोळा करून ठेवते. काढताना तिच्या रंगाचं कौतुक करणाऱ्यांचं ऐकू नका.

पसरायला जागा हवी, म्हणजे टीपॉय हलवणं आलं. कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांदळाचा डबा, जे जड असेल ते ठेवा. थर सरकू नयेत म्हणून आधी लांब लांब कच्चे टाके घाला. मग धावदोरा. जाणत्या बायका कडेनं सुरुवात करून चौकोनात चौकोन घालत मध्याकडे येतात. दोरा हातभरच घ्या. पुन्हा ओवायचा कंटाळा म्हणून लांब घेतला की गाठी पडतात आणि सगळा वेळ त्या सोडवण्यात जातो. बोटात अंगुस्तान घाला. न घालणाऱ्यांना ते का घालतात हे पहिल्याच ओळीत कळतं.

तुमचे नवे टाके जुन्यांशी जुळणार नाहीत. जुनी ओळ आईनं किंवा आजीनं घातलेली असेल तर सारखेपणासाठी ती उसवू नका. तुमचीच असेल तर खुशाल उसवा.

एक धोका सांगायलाच हवा. शिवताना गोधडी मांडीवर येते, मांडीवरून गळ्यापर्यंत येते आणि टाके थांबतात. यावर उपाय नाही.

गावाकडे गोधड्या शिवतात त्या मुळात उन्हाळ्यात: शेतीची कामं आटोपल्यावर, पाऊस यायच्या आत. तेव्हा संक्रांतीनंतर थंडी ओसरली म्हणून बोचकं परत माळ्यावर टाकू नका. शिवायचा खरा हंगाम पुढेच आहे.