दोन तासांच्या भक्तीची सोय

रविवारची उपासना दोन तासांत आटोपते, ही श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या सार्वजनिक जीवनातली मोठी सोय आहे आणि तिचे श्रेय आपण मंडळीला मोकळ्या मनाने द्यायला हवे. गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, उपदेश, अर्पण, आशीर्वाद. मग दारात एकमेकांना ‘जय ख्रिस्त’ केले की पुढच्या रविवारपर्यंत देवाचा तगादा नाही. उरलेले सहा दिवस ऊस आणि लिंबाच्या बागा सांभाळायच्या असतात, उधारी वसूल करायची असते, भावकीतल्या दाव्याची तारीख गाठायची असते. त्यात देवाने मध्ये पडू नये, ही अपेक्षा कोणी अवास्तव म्हणणार नाही.

पवित्र शास्त्र या बाबतीत जरा अव्यवहारी आहे, हे मान्य केले पाहिजे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की, अर्पण वेदीपाशी आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवावे आणि आधी समेट करून यावे. हे खरोखर अमलात आणले तर काय होईल? बांधाच्या भांडणांचा आपल्याकडे तुटवडा नाही. निम्मी मंडळी भर उपासनेतून उठून चुलतभावाच्या वस्तीकडे निघेल. पाळकसाहेबांचा आठवडाभर तयार केलेला उपदेश रिकाम्या बाकांना ऐकवावा लागेल. त्यापेक्षा अर्पणही चालू आणि दावाही चालू ही आपली रीत अधिक शिस्तीची आहे.

बसण्याच्या व्यवस्थेचेही तेच. सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी, असे करणाऱ्या सभेला याकोबाने आपल्या पत्रात खडसावले आहे. पण याकोबाला वर्धापनदिनाचा मंडप उभारायचा नव्हता. जेवणाचा खर्च ज्याने उचलला, त्याला पहिल्या रांगेतली खुर्ची, शाल, श्रीफळ आणि दोन शब्द बोलण्याची विनंती, एवढे तर करावेच लागते. गाळप हंगामात कोपीवरून आलेली ऊसतोडणीची बाई मागे दाराशी बसते, त्यातही तिचीच सोय आहे. लेकरू रडले तर तिला चटकन बाहेर जाता येते. तिला पुढे या म्हणून तिचा संकोच वाढवणे आपल्या सभ्यतेत बसत नाही.

जातीच्या बाबतीत तर आपण मोठाच समतोल साधला आहे. प्रभुभोजनात आपण सारे एका शरीराचे अवयव असतो आणि सोयरिकीच्या बैठकीत ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आवाज खाली आणून विचारतो. एकच माणूस दोन्ही ठिकाणी तितक्याच श्रद्धेने बसू शकतो, ही थोडीथोडकी साधना नव्हे.

ज्यांना हा समतोल जमला नाही, त्यांची उदाहरणे याच जिल्ह्यात आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे काम अहमदनगरात १८३१ साली सुरू झाले. पुढे त्याच मिशनशी जोडलेले नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्त अभंगात आणि कीर्तनात आणला. इथवर ठीक होते. पण १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे त्याहून विलक्षण. त्यांचे सोवळे आधी सुटले, ज्यांचा स्पर्श वर्ज्य होता त्यांच्या हातचे पाणी त्या आधी प्यायल्या आणि बाप्तिस्मा नंतर, १९०० साली घेतला. आपण हा क्रम उलटवला आहे. बाप्तिस्मा पाळण्यातच उरकतो आणि पाण्याचा निर्णय सवडीने घ्यायला अख्खे आयुष्य मोकळे राहते.

श्रीगोंद्याच्या मातीतही श्रद्धेप्रमाणे वागण्याचा हा हट्ट जुना आहे. ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद इथलेच. मुसलमान घरात जन्मून त्यांनी भक्तिमार्ग धरला आणि भक्तीचा बाजार मांडणाऱ्यांना कधी गोड बोलले नाहीत. आपण त्यांना संत म्हणतो, त्यांच्या नावाचा अभिमान बाळगतो आणि त्यांचे म्हणणे मनावर घेत नाही. थोरांना मान देण्याची ही सर्वांत निरुपद्रवी पद्धत ख्रिस्ती, हिंदू आणि मुसलमान या तिघांनीही सारखीच आत्मसात केली आहे. धार्मिक सलोख्याचे याहून भक्कम उदाहरण शोधायला तालुक्याबाहेर जायला नको.

एक अडचण मात्र उरते, आणि जबाबदार नागरिक म्हणून तिच्यावर उपाय सुचवणे भाग आहे. याकोबाच्या त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे की, शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी पोहोचते. शनिवारी ज्यांची मजुरी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून थकवली, त्यांचा आवाज रविवारी ऐन गीताच्या वेळी मध्ये येण्याचा धोका त्यामुळे आहे. आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथात तर देव गाण्यांचा गोंगाट बंद करायला सांगतो आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या म्हणतो. पण कुकडी कालव्याचे आवर्तन वेळेवर मिळावे म्हणून ज्यांना मोर्चे काढावे लागतात, त्यांच्याकडून आणखी कसले पाणी वाहते करण्याची अपेक्षा धरावी? तेव्हा गाणी बंद करण्याऐवजी मंडळीने यंदा मोठे स्पीकर घ्यावेत. वर्गणीची यादी तयार आहे, आणि ज्यांच्याकडे मजुरी थकली आहे त्यांचीच नावे तिच्यात सर्वांत वर आहेत.