मास्तरांची काळी दोन

रविवारी चर्चला आलेली माणसं एकमेकांचे कपडे बघतात, कॉयरमास्तर घसे बघतात. कोण खाकरतंय, कोणाचं नाक चोंदलंय, कोण आदल्या रात्रीच्या लग्नात आइस्क्रीमवर तुटून पडलं होतं, हे त्यांना फाटकापाशी 'सलाम' घेता घेताच कळतं. "आवाज बसलाय का रे?" ही त्यांची खुशाली विचारायची रीत. बायकोमुलांची चौकशी उपासना संपल्यावर. बायको आल्टोत गात असेल तर जरा आधी.

नगर, राहुरी, संगमनेर, पुण्याचा कॅम्प, मुंबईचं भायखळा, कुठल्याही मराठी चर्चमध्ये जा, हा गृहस्थ सापडणारच. आठवडाभर तो बँकेत असतो, शाळेत असतो, एस.टी.च्या डेपोत असतो, नाहीतर निवृत्त असतो. रविवारी मात्र मास्तर. पगार नाही, मानधन नाही. नाताळात एक शाल मिळते, आणि पुढचं वर्षभर त्या शालीची वसुली चालते. गोव्यात याच वाणाच्या माणसाला मेस्त म्हणतात. तिथल्या पॅरिशच्या शाळांनी व्हायोलिन शिकवून पिढ्यान्‌पिढ्या वादक तयार केले आणि मुंबईच्या सिनेमाला पुरवले. प्यारेलाल ज्यांच्याकडे व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे अशाच एका चर्चच्या कॉयरमास्तरांचे चिरंजीव. त्यांच्याच नावावरून १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तलं गाणं झालं. आमच्या मास्तरांना हे तोंडपाठ आहे आणि सांगताना ते अमिताभची नक्कलही करतात. ती बघवत नाही.

लोकांना वाटतं, मास्तर सकाळी पुस्तक उघडतात आणि चार नंबर फळ्यावर लावतात. तसं असतं तर त्यांना ब्लडप्रेशरची गोळी सुरू झाली नसती. गीतं ठरतात पाळकसाहेबांच्या उताऱ्यावरून, आणि पाळकसाहेबांचा उतारा ठरतो शुक्रवारी रात्री. मास्तर सोमवारपासून मागे लागलेले असतात.

"साहेब, या रविवारचा विषय?"

"प्रार्थना करतोय, मास्तर."

याच्यापुढे कोण काय बोलणार? शुक्रवारी रात्री साडेदहाला फोनवर एक शब्द उमटतो : 'क्षमा'. मग मास्तर चष्मा चढवून 'उपासना संगीत' काढतात. त्यांची ही प्रत एकदा बघण्यासारखी आहे. पुठ्ठा एका रंगाचा, कणा दुसऱ्या रंगाचा, आणि आत समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात आयुष्यभराचा अनुभव : 'का. २', 'ति. कडवे गाळणे', 'इथे बास झोपतो', 'पावसाळ्यात नको', 'आजी वर जातात'. एका गीतावर तर नुसतंच 'नाही!' असं लिहिलेलं आहे. कारण विचारलं तर ते विषय बदलतात. असं म्हणतात की ते गीत एका लग्नात गायलं होतं आणि ते अंत्यविधीच्या विभागातलं निघालं.

निवडीमागचं शास्त्र मोठं व्यवहारी असतं. पहिलं गीत सगळ्यांना येणारं लागतं, कारण तेव्हा निम्मी मंडळी बाहेर स्कूटर लावत असतात आणि गात गातच आत शिरतात. शेवटचं खणखणीत लागतं, कारण पोटात कावळे ओरडत असतात आणि त्यांच्यावर मात करायची असते. प्रभुभोजनाचं गीत संथ, भरपूर कडव्यांचं आणि पाठ असलेलं हवं. वेदीपाशी गुडघे टेकलेल्या माणसाच्या हातात पुस्तक नसतं, आणि दोनशे माणसांना भाकर आणि प्याला पोचेपर्यंत गाणं पुरवावं लागतं. पण खरी परीक्षा अर्पणाच्या गीतात. थैली शेवटच्या बाकाशी पोचायच्या आत गाणं संपलं, तर शांततेत नाणं पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, आणि कोणी नाणं टाकलं हेही कळतं. ते मंडळीला परवडत नाही. म्हणून मास्तर चष्म्याच्या वरून थैलीवर नजर ठेवतात आणि भुवई उडवून तबलेवाल्याला खूण करतात : आणखी एकदा ध्रुवपद.

एवढं सगळं जमवून ते रविवारी सकाळी येतात तेव्हा पाळकसाहेब हसतमुखानं सांगतात, "मास्तर, आज क्षमेऐवजी दशांशावर बोलायची प्रेरणा झालीय." मास्तर मान डोलावतात, पण गीतं बदलत नाहीत. दशांशाच्या प्रवचनानंतर मंडळी क्षमेचं गीत अगदी मनापासून गातात, असा त्यांचा अनुभव आहे.

आता काळी दोन. बायकांना हवी काळी चार, पुरुषांना काळी एक, साठीपुढच्यांना त्याच्याही खाली, आणि तरुण संघाला यूट्यूबवर असेल ती. यूट्यूबवरचा गायक असतो पंचविशीतला टेनर. त्याचा शेवटचा सूर जिथं सहज लागतो तिथं आमच्या खजिनदारांचा चेहरा जांभळा होतो. कॉयरला उंच गाता येतं, नाही असं नाही. पण कॉयर वीस जणांचा आणि समोर बसलेले दोनशे. मास्तरांचा सगळा धर्म इथं आहे. कॉयर कितीही गोड गाऊ दे, शेवटचा बाक गप्प राहिला तर त्यांच्या मते उपासना झालीच नाही. ते पाश्चात्त्य चालींची स्वरलिपी बघतात, सोप्रानोचा सगळ्यात वरचा सूर शोधतात, आणि तो सूर दूधवाल्या भाऊंना लागेल का, एवढाच विचार करून अख्खं गीत खाली ओढतात. दूधवाले भाऊ शेवटच्या बाकावर बसतात. आपल्यासाठी इतकी गणितं होतात याची त्यांना गंधवार्ता नाही.

तालमीतला हा संवाद दर शनिवारी होतो :

"सर, स्केल?"

"काळी दोन."

"म्हणजे?"

"अरे, डी शार्प."

"गिटारवर घाण वाजतं सर ते. जी घेऊ या ना?"

"जी म्हणजे पांढरी पाच. पुरुष मरतील."

मग गिटारवाला पहिल्या पट्टीवर कॅपो लावतो, डीच्याच कॉर्ड वाजवतो आणि डी शार्प मिळवतो. मास्तर त्या चिमट्याकडे संशयानं बघतात. बोटं तीच ठेवून पट्टी बदलणं त्यांना नैतिकदृष्ट्या पटत नाही. कीबोर्डवरच्या ट्रान्सपोजच्या बटणाबद्दल तर ते 'व्यसन' हा शब्द वापरतात.

गिटार चर्चमध्ये आलीच मुळी एका वादळी सभेनंतर. एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाले होते, "पवित्र ठिकाणी हे परकीय वाद्य कशाला? आपली पेटी आहे ना!" आता पेटीचं परकीयपण काय सांगावं! ज्या १८४२ साली नगरमध्ये 'ज्ञानोदय' निघालं त्याच साली पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिरानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. परकी म्हणून आकाशवाणीनं १९४० साली तिला स्टुडिओबाहेर काढलं, तेव्हाही ती चर्चमध्ये आपली जागा धरून होतीच. पण हे सभेत बोलायचं नसतं. मास्तरांना स्वतःला गिटार आवडत नाही, तरी ते उठले आणि म्हणाले, "सायलेंट नाइट पहिल्यांदा गायलं ते १८१८ साली, ऑस्ट्रियात, ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये. साथीला गिटार होती." सभा गप्प. मास्तर खाली बसले आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाले, "पण ती एकच होती आणि तिला वायर नव्हती."

कीबोर्डवरचा पोरगा हे वेगळं प्रकरण. गीताआधी चाल ऐकवायची म्हणजे एक ओळ वाजवायची, एवढीच अपेक्षा असते. हा सुरू झाला की मंडळी उभी राहतात, पुस्तक उघडतात, नंबर शोधतात, शेजारणीला दाखवतात, पुन्हा पान हरवतात, आणि तरी याचं चालूच. मास्तर रागावत नाहीत. ते त्याला बाखची गोष्ट सांगतात. आर्नश्टाटच्या चर्चमध्ये तरुण बाख ऑर्गन वाजवायचा. चार आठवड्यांची रजा काढून मोठ्या उस्तादाला ऐकायला ल्यूबेकला गेला आणि सुमारे चार महिन्यांनी उगवला. परत आला तो इतक्या हरकती घेऊन की गाणारी मंडळी गोंधळली. १७०६ साली धर्मसभेनं त्याला समोर उभं करून झापलं. तक्रारीत हेही होतं की वाजवणं लांबतं म्हटल्यावर स्वारीनं उलट टोक गाठून ते भलतंच आखूड केलं. पोरग्यानं या गोष्टीतून एवढाच बोध घेतला की आपण बाखच्या पंक्तीत आहोत. पुढच्या रविवारी सुरुवात आणखी लांबली.

या सगळ्या दरबारात मास्तर कोणाला भीत असतील तर तिसऱ्या बाकावरच्या आजींना. वय ऐंशीच्या पुढं, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेल्या, आवाज अजून घंटेसारखा. पुस्तक त्या हातात घेतात ते शोभेला. लय मास्तर देतात असं बाहेरच्यांना वाटतं. ती आजी देतात. त्यांना दम घ्यायचा असेल तिथं अख्खी बायकांची बाजू दम घेते, आणि मास्तरांची पेटी अर्धी मात्रा पुढं जाऊन मुकाट्यानं थांबते.

एकदा तरुण संघानं नारायण वामन टिळकांच्या एका भजनाला नवी चाल लावली. ड्रम, मध्ये थांबे, शेवटी तीच ओळ आठ वेळा. तालमीत बरी वाटली. रविवारी पहिली ओळ सुरू झाली आणि तिसऱ्या बाकावरून जुनी चाल उठली. दुसऱ्या ओळीला बायका आजींकडे गेल्या, तिसरीला पुरुष. चौथीला ड्रमवाला एकटाच आधुनिक उरला. उपासनेनंतर मास्तर अदबीनं म्हणाले, "आजी, आज चाल नवी होती."

"हो का? मला वाटलं, पोरं चुकतायत. म्हटलं सांभाळून घ्यावं."

खरं सांगायचं तर टिळक हाच मास्तरांचा हळवा कोपरा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला हा कवी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो असं सांगायचा. त्यानं नगरच्या मंडळीला टाळ, अभंग आणि भजन दिलं. त्याआधी कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं रंगवली होती. मास्तरांचा आवाज भाषांतरित गीतांत सरळ उभा असतो. टिळकांचं भजन लागलं की तो मांडी घालून बसतो. तेव्हा ते पट्टी विचारत नाहीत, वेळ बघत नाहीत, आणि थैली कुठवर पोचली तेही विसरतात. माझं मत विचाराल तर नव्या 'वर्शिप टीम'वाल्यांनी दिवे कमीजास्त करण्याआधी एवढं बघून घ्यावं. धूर सोडायचं यंत्र न लावता दोनशे माणसं एका सुरात येतात ती इथं. मात्र नव्या पोरांची गाणी वाईट असतात असं मी म्हणणार नाही. दर पिढीला आपली चार गाणी हवीत. फक्त ती दूधवाल्या भाऊंना गाता यावीत.

दिवाळी सरली की मास्तरांच्या अंगात येतं. नाताळची तालीम! वर्षभर अदृश्य असलेले आवाज उगवतात. त्यांना मास्तर 'डिसेंबरचे' म्हणतात. हे लोक येतात चहाच्या वेळेला, उभे राहतात मधोमध आणि फोटोत असतात सगळ्यात पुढं. आणि दरवर्षी मास्तर हॅन्डेलचा 'हालेलूया' काढतात. १७४२ साली डब्लिनमध्ये पहिल्यांदा झालेली ही रचना जगातल्या यच्चयावत कॉयरमास्तरांची कमजोरी आहे. आम्हाला ती पेलत नाही, हे मास्तरांसकट सर्वांना मान्य आहे. शेवटच्या हालेलूयाआधी हॅन्डेलनं एक पूर्ण थांबा ठेवलाय. सगळे एकदम गप्प, मग अखेरचा गजर. महिनाभर मास्तर फक्त या थांब्याची तालीम घेतात. हात वर करून ओरडतात, "इथं कोणी गायचं नाही! मेलं तरी चालेल, गायचं नाही!"

नाताळच्या दिवशी तो थांबा येतो. मास्तरांचा हात वर. चर्च चिडीचूप. आणि बासच्या रांगेतून, भरल्या गळ्यानं, एकट्या खजिनदारांचा "हा...!"

मंडळी आता त्याची वाटच बघत असतात. एका वर्षी खजिनदार आजारी होते आणि थांबा बिनबोभाट पार पडला. लोक म्हणाले, यंदा काहीतरी चुकलं.

मास्तर दर ईस्टरला जाहीर करतात की आता पुरे, कोणीतरी तरुणानं सांभाळावं. तरुण सगळे स्टेजवर उभे राहायला तयार आहेत. शुक्रवारी रात्री साडेदहाला चष्मा चढवून बसायला अजून कोणी पुढं आलेलं नाही. तेव्हा पुस्तक त्यांच्याच हातात आहे.

तर वाचकहो, तालीम शनिवारी संध्याकाळी साडेसहाला असते, म्हणजे सातला सुरू होते. सोप्रानो भरपूर आहेत, आल्टो भांडून का होईना पुरतात, टेनर दोनच आहेत आणि त्यातल्या एकाची बदली झालीय. तुम्ही जिथं कुठं असाल तिथल्या चर्चमध्येही हीच परिस्थिती असणार, त्यामुळं पत्ता देत नाही. पुरुषांनी जरूर यावं. आवाज असला तर उत्तमच. नसला तर बासमध्ये उभं राहावं. फक्त 'हालेलूया'च्या थांब्याला तोंड मिटलेलं असावं.