दोन नंबरचा धंदा

फिलाडेल्फियाचा महापौर कोण, हे सांगता न येणारी पुष्कळ माणसं मला भेटली आहेत. त्यातली काही तर मतदान करून आलेली होती. पण गावच्या ईगल्स संघाचा दोन नंबरचा क्वार्टरबॅक कोण आणि तो का नालायक आहे, हे सांगता न येणारा माणूस या गावात मला अजून भेटायचा आहे. माझा दातांचा डॉक्टर तर माझ्या तोंडात दोन हत्यारं घालून मग या विषयावर माझं मत विचारतो. मी ‘आँ’ म्हणतो. तो म्हणतो, “अगदी बरोबर!”

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. अमेरिकन फुटबॉल म्हणजे ज्यात पायाचा चेंडूशी संबंध जेमतेम येतो, तो खेळ. अकरा जणांच्या संघात क्वार्टरबॅक हा कर्ता पुरुष. चेंडू त्याच्या हातात येतो, समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे दणकट गडी अंगावर धावून येतात, आणि दोन-तीन सेकंदांत चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याला ठरवावं लागतं. त्याच्या शिरस्त्राणात एक छोटा स्पीकर असतो, त्यातून प्रशिक्षक सूचना देत असतो. मात्र डाव सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. नियमच आहे तसा. पुढचे पंधरा सेकंद त्याला कुणीही सल्ला देऊ शकत नाही. हे सुख आमच्यापैकी एकाही विवाहित पुरुषाच्या वाट्याला आलेलं नाही.

असा माणूस संघात एका वेळी एकच खेळतो. दुसरा बसतो. आठवडाभर सरावात तो पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या क्वार्टरबॅकचं सोंग घेतो, म्हणजे आपल्या बचावफळीला सराव होतो. रविवारी टोपी घालून, कानाला यंत्र लावून, हातात टॅब्लेट घेऊन तो सीमारेषेजवळ उभा राहतो आणि पहिला परत आला की त्याच्या कानात काहीतरी सांगतो. काय सांगतो, ते कुणाला ऐकू येत नाही. त्याच्या लोकप्रियतेचं मूळ इथंच आहे. पहिल्याच्या चुका दर रविवारी लाखो लोक पाहतात, वर त्या तीन-तीन वेळा हळू करून दाखवतात. दुसऱ्याची चूक कुणी पाहिलेलीच नसते. न झालेल्या लग्नातली बायको जशी कायम सुगरण असते, तसा न खेळलेला क्वार्टरबॅक कायम अचूक फेकतो.

या गावाला हे वेड लागलं त्याला कारण मात्र खरंखुरं आहे. 10 डिसेंबर 2017 रोजी लॉस एंजेलिसच्या सामन्यात ईगल्सच्या एक नंबरच्या क्वार्टरबॅकच्या, कार्सन वेंट्झच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. त्या हंगामातला तो देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक. गावात सुतक आलं. त्याच्या जागी उतरला निक फोल्स. हा फोल्स 2013 साली याच ईगल्सकडून 27 टचडाउन फेकून आणि चेंडू फक्त दोनदा प्रतिस्पर्ध्याच्या हातात देऊन हिरो झाला होता. पुढं त्याला सेंट लुइसला देऊन टाकलं, तिथून त्याला नारळ मिळाला, खेळ सोडून द्यावा असं त्याच्या मनात आलं, आणि कॅन्सस सिटीला एक वर्ष काढून तो पुन्हा आमच्या बाकावर येऊन बसला. नाताळच्या रात्री तो कसाबसा जिंकला. 31 डिसेंबरला डॅलसविरुद्ध संघाला एकही गुण करता आला नाही. 0-6. एकत्र बसून सामने पाहणाऱ्या आमच्या मराठी मंडळातले, औषध कंपनीतून निवृत्त झालेले काका त्या रात्री म्हणाले, “याच्यापेक्षा आपला टेबलाखालचा कार्टा बरा फेकतो.” टेबलाखालचा कार्टा चार वर्षांचा होता आणि त्या क्षणी खरोखरच बाकरवड्या फेकत होता.

मग त्याच फोल्सनं अटलांटाला हरवलं, मिनेसोटाला 38-7 असं धुतलं आणि 4 फेब्रुवारी 2018 रोजी सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीसमोर उभा राहिला. मध्यंतराला थोडा वेळ, शेवटचा प्रयत्न, रेषा एका यार्डावर. सोपे तीन गुण घेऊन गप्प बसायची वेळ. फोल्स प्रशिक्षकाकडे गेला आणि एका चावट डावाचं नाव घेतलं. प्रशिक्षक क्षणभर थांबला आणि हो म्हणाला. त्या डावात क्वार्टरबॅक चेंडू फेकत नाही. तो बाजूला जाऊन, आपला काही संबंधच नाही असा चेहरा करून उभा राहतो, चेंडू दोन हात फिरून तिसऱ्याकडे जातो आणि तो तिसरा क्वार्टरबॅककडे फेकतो. फोल्सनं झेलला. त्याच सामन्यात ब्रेडीकडेही असाच एक चेंडू आला होता, तो त्याच्या हातून सुटला. 41-33. ईगल्सचा पहिला सुपर बोल. त्याआधीचं विजेतेपद 1960 सालचं. सामनावीर दोन नंबरचा क्वार्टरबॅक. हो म्हणणारा प्रशिक्षक डग पेडरसनही आपल्या काळात ग्रीन बेला ब्रेट फार्वच्या मागे बाकावर बसलेला माणूस.

त्या दोघांचा, त्या संवादाच्या क्षणाचा पुतळा त्याच वर्षी स्टेडियमबाहेर उभा राहिला. पुतळ्यांच्या बाबतीत हे गाव तसं उदारच. सिनेमातल्या रॉकी नावाच्या काल्पनिक मुष्टियोद्ध्याचा पुतळा इथं कधीचा आहे. याच गावात राहून जगज्जेता झालेल्या खऱ्याखुऱ्या जो फ्रेझरला मात्र 2015 पर्यंत थांबावं लागलं, तेही मरणोत्तर. राखीव खेळाडूला सहा-सात महिन्यांत मिळाला.

तेव्हापासून इथं बाकावर बसलेला प्रत्येक पोरगा संभाव्य फोल्स असतो. खुद्द फोल्सचं पुढं काय झालं ते मात्र कुणी फारसं सांगत नाही. 2019 साली जॅक्सनव्हिलनं त्याला चार वर्षांसाठी 8.8 कोटी डॉलरचा करार देऊन एक नंबरचा केलं. पहिल्याच सामन्यात गळपट्टीचं हाड मोडलं. त्याच्या जागी गार्डनर मिन्श्यू नावाचा, सहाव्या फेरीत निवडलेला, झुपकेदार मिशांचा मुलगा आला आणि तिथली जनता ‘आम्हाला हा मिशावालाच हवा’ म्हणू लागली. दोन वर्षांनी तो मिशावाला आमच्याकडे दोन नंबरचा म्हणून दाखल झाला. फिरून फिरून भोपळे चौकात.

आता 2020. करोनाचे दिवस, आमच्या बैठका संगणकाच्या पडद्यावर भरायच्या आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी “काका, म्यूट आहात” म्हणायचं. वर्षभरापूर्वीच वेंट्झला 12.8 कोटी डॉलरचा वाढीव करार मिळालेला. अशा वेळी संघाचे कारभारी हॉवी रोझमन यांनी नवे खेळाडू निवडताना दुसऱ्या फेरीत, 53 व्या क्रमांकावर, जेलन हर्ट्स हा क्वार्टरबॅक उचलला. दुसऱ्या फेरीतला खेळाडू म्हणजे लगेच मैदानात उतरवायचा माल. तो बाकावर बसवायला? गावात आग लागली. काका पहिल्यांदाच आपणहून म्यूटमधून बाहेर आले. “घरात चांगला चालता पंखा असताना,” ते ओरडले, “हा माणूस दुसरा पंखा घेतो आणि घराला भिंत नाही!”

त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. त्याच वर्षी ईगल्सनं आणखी एक अजब गोष्ट केली होती. जॉश मॅककाउन हा चाळिशी ओलांडलेला क्वार्टरबॅक त्यांनी सराव-संघात घेतला आणि टेक्सासला स्वतःच्या घरीच राहू दिला. वर्क फ्रॉम होम! या मॅककाउनविषयी मला मनापासून आदर आहे. त्याच जानेवारीत वेंट्झच्या डोक्याला मार लागल्यावर तो वयाच्या चाळिसाव्या वर्षी आयुष्यातल्या पहिल्या बाद फेरीच्या सामन्यात उतरला आणि मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटलेला असताना सामना संपेपर्यंत खेळला. हरला. त्याचा पुतळा नाही.

हर्ट्सचं मात्र एक आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. बाकाच्या दोन्ही बाजू त्यानं कॉलेजातच पाहिल्या होत्या. 8 जानेवारी 2018 ला, म्हणजे फोल्सच्या सुपर बोलच्या आधी महिनाभर, राष्ट्रीय अंतिम सामन्यात अलाबामाच्या प्रशिक्षकानं त्याला मध्यंतराला काढून दुसऱ्याला खेळवलं आणि संघ जिंकला. पुढच्या डिसेंबरात त्या दुसऱ्याच्या पायाला लागलं, तेव्हा हाच हर्ट्स बाकावरून उठला आणि त्यानं जॉर्जियाविरुद्धचा हरत आलेला सामना जिंकून दिला. 2020 च्या डिसेंबरात तो इथंही बाकावरून उठला. वेंट्झ इंडियानापोलिसला गेला. 9 फेब्रुवारी 2025 ला हर्ट्सनं कॅन्सस सिटीविरुद्ध 40-22 असा सुपर बोल जिंकला आणि सामनावीर झाला. त्याच्या निवडीला विरोध करणारा एकही माणूस आज फिलाडेल्फियात हयात नाही. काकांनी तर रोझमनना तेव्हा मनातल्या मनात पाठिंबा दिला होता म्हणे. फार फार मनातल्या मनात.

पण पहिल्याचं पक्कं झालं की वाद संपतो असं समजू नका. उलट दुसऱ्याकडे पूर्ण लक्ष देता येतं. 2024 साली आमच्यासमोर प्रश्न होता, केनी पिकेट की टॅनर मॅकी? पिकेट न्यू जर्सीचा, लहानपणापासून ईगल्सचा भक्त, पिट्सबर्गनं पहिल्या फेरीत निवडून दोन वर्षांत देऊन टाकलेला. मॅकी सहा फूट सहा इंच उंच, सहाव्या फेरीतला, ब्राझीलमध्ये धर्मप्रचारासाठी राहिल्यामुळे पोर्तुगीज बोलणारा. ईगल्सचा त्या वर्षीचा पहिला सामना साओ पावलोला होता. तिथं मॅकी खेळला नाही, पण पत्रकारांशी पोर्तुगीजमधून छान बोलला. आमच्यातल्या डोंबिवलीकरांच्या मते एवढ्यावरच त्याला घ्यायला हवा होता.

पिकेटवर मुख्य आक्षेप त्याच्या हाताचा. त्याची वीत भरली होती साडेआठ इंच, आणि क्वार्टरबॅकला म्हणे ती निदान नऊ हवी. त्यामुळे तो दोन्ही हातांत हातमोजे घालून खेळतो. हा मुद्दा निघाला आणि बैठकीतल्या सगळ्या पुरुषांनी नकळत आपापला पंजा पसरून पाहिला. ज्यांच्या घरी बैठक होती, त्या वहिनी आतून शिवणकामाची टेप घेऊन आल्या. जेवणाच्या टेबलावर एकेकाचा हात ठेवून, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजणी सुरू झाली. काकांनी अंगठा इतका ताणला की बोटं मोडल्याचा आवाज आला. तरी भरले आठ. डोंबिवलीकर सव्वाआठ, आणि “टेप आटलीय” असं त्यांचं म्हणणं. शेवटी वहिनींनी सहज आपला हात ठेवला. पावणेनऊ. चाळीस वर्षं भाकऱ्या थापलेला हात. पुढचा अर्धा तास पिकेटबद्दल कुणी बोललं नाही.

डिसेंबरात हर्ट्सच्या डोक्याला मार लागला आणि पिकेट उतरला. 29 डिसेंबरला डॅलसविरुद्ध तो बरगड्यांच्या दुखण्यासह खेळला, मग त्यालाही बाहेर जावं लागलं, आणि तीन नंबरच्या मॅकीनं येऊन दोन टचडाउन फेकले. 41-7. मॅकीच्या आयुष्यातला पहिला टचडाउन झेलणाऱ्या ए. जे. ब्राउननं आनंदाच्या भरात तो चेंडू प्रेक्षकांत फेकून दिला. मग तो परत मिळवावा लागला. राखीव माणसाच्या नशिबाचं याहून नेमकं वर्णन मला करता येणार नाही. सुपर बोलच्या अखेरच्या मिनिटांत, सामना हातात आल्यावर, हर्ट्सला विश्रांती देऊन पिकेटला उतरवलं. लहानपणी ज्या संघासाठी घसा फोडला, त्याच संघाच्या विजयात तो मैदानावर उभा होता. पुढच्याच महिन्यात त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं.

वहिनींना या सगळ्यांत एकच मुलगा पसंत आहे: चेस डॅनियल. हाही 2016 साली आमच्या बाकावर होता. चौदा वर्षांच्या कारकिर्दीत तो सुरुवातीपासून खेळला असे सामने फक्त पाच, आणि कमाई चार कोटी डॉलरहून अधिक. “हाडं शाबूत, पगार वेळेवर, रविवारी कपडेसुद्धा मळत नाहीत,” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही मात्र त्या हिरोंच्या मागे लागा.”

आणि मग रात्री उशिरा, कढी संपल्यावर, विषय आझाद मैदानावर जातो. आमच्यात दोघे-तिघे मुंबईचे आहेत, ते जाणारच. 1988 ची ती शालेय सामन्यातली 664 धावांची भागीदारी. तेंडुलकर आणि कांबळी खेळतायत आणि पुढचा फलंदाज अमोल मुजुमदार पॅड बांधून बसलाय. रणजी पदार्पणात 260 काढूनही त्याला भारताकडून एकदाही खेळायला मिळालं नाही. पण 2025 च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक उचलला तेव्हा प्रशिक्षक तोच होता. हे ऐकलं की इथं जन्मलेली आमची पोरं क्षणभर फोन बाजूला ठेवतात. त्यांना क्रिकेट कळत नाही. बाकावर बसणं म्हणजे काय ते कळतं. काकांनी तर एका रात्री जाहीर करून टाकलं, की आपल्याला मॅकी नको, पिकेट नको, मुजुमदार हवा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर दोन नंबरला नेहमी मॅककाउनसारखा चार ठिकाणची धूळ खाल्लेला माणूस असावा. कोवळं पोर बसवून ठेवलं की दोघंही बिघडतात, खेळणारा आणि बसणारा. हर्ट्सचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकण्यात येतं, मी ते झेलत नाही.

फिलाडेल्फियाला कधी आलात तर लिबर्टी बेल पाहा, रॉकीच्या पायऱ्या चढा आणि जेवायला आमच्याकडेच या. फक्त दारातून आत आल्या आल्या ‘तुमचा दोन नंबरचा कोण हो सध्या?’ असं विचारू नका. परतीचं विमान चुकेल, आणि टेपही टेबलावरच असते.